पोळ्याला मोटार कोणी जुंपली

लीड्स, ६ सप्टेंबर १९५६

तीर्थरूप बाबा,

नमस्कार करते. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

सात वर्षांतलं हे माझं तुम्हाला पहिलं पत्र. आईला मी लिहीत असते. ते तुम्हाला माहीत आहे आणि माहीत नसल्यासारखं तुम्ही वागता, हेसुद्धा आईनंच कळवलं आहे. मुकुंद आणि मी गेल्या वर्षी इथे विलायतेत आलो. पांढुर्ण्याच्या ज्या शिंप्याच्या मुलाच्या हातात मुलगी द्यायला तुम्ही तयार नव्हतात, त्याला सरकारनं स्वतःच्या खर्चानं कापडाची विद्या शिकायला पाठवलं आहे. टोमणा मारायचा नाही असं ठरवून बसले होते, पण पहिल्याच कागदावर मारला गेला.

परवा पोळा झाला ना? इथे कुणाला सांगायची सोय नाही. मी आपली कणकेचे दोन बैल करून खिडकीत ठेवले आणि घरमालकिणीनं विचारलं, हे कुत्रे का?

आता काम. मुकुंद सध्या कामासाठी इथून चाळीसेक मैलांवर, डोंगरातल्या एका गावी राहतात. भेटायचं तर रविवारी, आणि रविवारी तिकडे बस जात नाही. इथे मोटार भाड्यानं मिळते, पण सोबत ड्रायव्हर मिळत नाही. आपली आपण चालवायची. मला चालवता येते. तीन वर्षांपूर्वी नागपूरला मी लायसनसुद्धा काढलं, ते इथे चालतं. पण मोटारीचा मालक हॉजसन म्हणून एक म्हातारा आहे, तो अडून बसला आहे. साडी नेसलेल्या बाईला गाडी द्यायची म्हणजे त्याला धडकी भरते. म्हणाला, ज्याची मोटार तुम्ही आजवर चालवली असेल त्याच्याकडून दोन ओळी लिहून आणा.

नागपूरला ज्यांनी परीक्षेपुरती गाडी दिली ते गृहस्थ वारले. बाकी मी जन्मात एकाच माणसाची मोटार चालवली आहे, ती तुमची. तेव्हा कृपा करून एवढंच लिहा की प्रेमलताला मोटार चालवता येते. कधी, कुठे, कशी, हे विचारू नका.

तुमची
प्रेमलता


लीड्स, २७ सप्टेंबर १९५६

बाबा,

तुमचं उत्तर पोचलं. "माझी मोटार कवडू चालवीत असे. खोटा दाखला देण्याची माझी रीत नाही. केशवराव." मुलीला लिहिलेल्या पत्राखाली बाप 'बाबा' न लिहिता नावानं सही करतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी त्या पत्राचे चार तुकडे केले. मग खाली वाकून गोळा केले आणि डिंकानं चिकटवले, कारण तुमचं अक्षर घरात असावं असं वाटलं. हसू नका.

एक गोष्ट मागच्या पत्रात खोटी लिहिली. मुकुंद कामासाठी गेलेले नाहीत. त्यांना क्षय झाला आहे. जूनमध्ये खोकल्यातून रक्त पडलं आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांना डोंगरावरच्या इस्पितळात नेलं. औषधं चांगली आहेत, माणसं चांगली आहेत, पण बाहेरच्या माणसाला फक्त रविवारी दुपारी दोन ते चार आत सोडतात. जूनपासून मी त्यांना चारदा भेटले. कधी दूधवाल्याच्या गाडीतून, कधी शेवटचे पाच मैल चालत. बाकीच्या रविवारी ते खिडकीशी बसून रस्ता बघतात, असं तिथल्या नर्सनं मला सांगितलं. तिनं ते सांगायला नको होतं. आईला यातलं काय सांगायचं ते तुम्ही बघा, मला सुचत नाही.

आणि दाखला खोटा नाही. मला कवडूनंच शिकवलं. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात तुम्ही जेवून आडवे व्हायचात तेव्हा, संत्र्यांच्या बागेतल्या गाडीवाटेवर. मी हट्ट केला, तो नाही म्हणू शकला नाही. मोटारीवर यायच्या आधी त्याचा जन्म बैलांमागे गेलेला, म्हणून त्याचं शिकवणंही तसलंच. पुढची दोन चाकं म्हणजे त्याचे दोन बैल, डावा मोऱ्या आणि उजवा चांद्या. "बाई, मोऱ्याले खड्ड्यात घालून राह्यल्या तुमी! चांद्याकडे ओढा!" क्लचला तो कासरा म्हणायचा. "कासरा असा झटकन सोडू नका, पायाले कळू द्या." महिन्याभरात मी बागेतून विहिरीपर्यंत एकही झाड न मोडता गाडी नेऊ लागले.

एवढं पुरे नाही का? ज्या दिवशी मी घर सोडलं त्या दिवसाबद्दल कवडूनं तुम्हाला जे सांगितलं ते तुमच्यापाशी आहे. त्यात मी पडत नाही.

प्रेमलता


लीड्स, १४ ऑक्टोबर १९५६, रविवार

बाबा,

आजच इस्पितळातून आले. तुमचं उत्तर नाही. मी तुम्हाला लिहिलेली दोन्ही पत्रं मुकुंदला तोंडपाठ म्हणून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. मग म्हणाले, "प्रेमा, तू दाखला मागून राहिली का माफी?"

मी म्हटलं, दाखलाच मागते, माफी कशाची?

"कवडूची," ते म्हणाले. "आणि दोन्ही एका पाकिटात घालू नको. दाखल्यासाठी खरं बोलली असं होईन."

मी भांडले त्यांच्याशी. आजारी माणसाशी, दोन तासांतला अर्धा तास. म्हटलं, तुम्हाला भेटायला मिळावं म्हणूनच तर चाललंय हे. ते भिंतीकडे तोंड करून पडले. परतताना मला कळलं की त्यांचं बरोबर आहे, आणि म्हणूनच मला एवढा राग आला होता.

तेव्हा सांगते. एकोणपन्नासच्या पोळ्याला तुमची मोटार कवडूनं चालवली नाही. मी चालवली, एकटीनं, आपल्या सौंसरहून पांढुर्ण्याच्या स्टेशनापर्यंत. मोहगावच्या पुलाचा कठडा मीच घासला. स्टेशनाबाहेर निंबाखाली गाडी उभी केली, किल्ली सीटखाली ठेवली आणि मुकुंदबरोबर नागपूरच्या गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी दोन गावांची दगडफेकीची गोटमार, सगळं पांढुर्णं आणि सावरगाव नदीवर लोटलेलं, त्यामुळे मोटारीकडे कुणी बघितलं नाही.

मी पोळाच का निवडला? कारण त्या दिवशी कवडू गाडीला हात लावणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक होतं, बाबा. आदल्या संध्याकाळी तो मोटारीच्या बॉनेटला तूप-हळद चोळायचा आणि बैलाला सांगतात तसं तिला सांगायचा, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी तिच्यावर जू म्हणून ठेवायचं नाही. एका पोळ्याला छिंदवाड्याहून साहेब येणार होते, तेव्हा तुम्ही ओरडलात, तरी तो जागचा हलला नाही. त्या दिवशी छकड्यालाही बैल जुंपायचे नाहीत, म्हणून शेवटी तुम्ही पायी गेलात आणि घरी येऊन हसलात. अशा माणसानं पोळ्याला मोटार जुंपली, हे तुम्ही खरं कसं मानलंत? रागात माणसाला सोयीचं ते पटतं, मलाही पटत आलं आहे.

त्या दिवशी त्याला मोटार जागेवर दिसली नाही. रामाकोन्याला त्याच्या घरी बैल सजवून ठेवलेले, पोळ्याच्या रांगेत गावाच्या तोरणाखाली न्यायची वेळ होत आलेली, आणि हा माणूस चाकांच्या खुणा बघत मोहगावच्या वाटेला लागला. पुलाच्या कठड्याला त्याला मोटारीचा काळा रंग दिसला. मी कुठे पडले असेन म्हणून तो नाल्यात उतरून शोधत होता. तसाच पांढुर्ण्याला पोचला, आणि पोळा उलटल्यावर मोटार सौंसरला परत नेली. तिसऱ्या दिवशी पत्ता शोधत नागपूरला आमच्या खोलीच्या दारात उभा. मी सीटवर विसरलेला माझा बटवा त्याच्या हातात होता.

तो म्हणाला, "मालक ठाण्यावर चालले होते. मुकुंदभाऊनं पोरगी पळवली, मोटार चोरली, असं लिवून देणार होते. म्या सांगतलं, चोरी नाई झाली, बाईनं हुकूम केला अन् म्याच नेली. आता तुमी कायी बोलू नका. भाऊची नोकरी जाईन."

मी काय केलं असेल? मी हो म्हटलं. त्याला चहा दिला आणि हो म्हटलं. तो जिना उतरला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. बाबा, सात वर्षं झाली, मला त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज वाटते.

तुम्ही त्याला काढून टाकलं एवढंच मला आधी माहीत होतं. तो दुसरीकडे लागला असेल असं मी धरून चालले. दोन वर्षांपूर्वी आईनं लिहिलं की रामाकोन्यात त्याच्या बैलांना तोरणाखाली उभं करत नाहीत. पोळ्याला जू ठेवणारा म्हणतात त्याला. सगळ्या गावाच्या जोड्या सजून एका रांगेत, आणि त्याची जोडी घरामागे खुंट्याला. हे वाचूनही मी गप्प बसले. म्हटलं, आता जुनं झालं.

मला दाखला नको. खरंच नको, हॉजसनला मी तसं सांगून येईन. कवडूला तेवढं माणसात आणा.

प्रेमा


लीड्स, २६ नोव्हेंबर १९५६

बाबा,

तुमचं पाकीट आलं. मी नको म्हटलेला दाखला आत होता, आणि वर पत्ता लिहिताना तुम्ही खोडाखोड केलेली. 'पाठविणार: केशवराव, सौंसर, मध्यप्रदेश' यातल्या मध्यप्रदेशाखाली तुम्ही दोनदा रेघ मारली आहे. आईनं लिहिलं की एक तारखेपासून नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण भोपाळच्या राज्यात, आणि तुम्हाला ते अजून पचलेलं नाही.

त्याचा इथे कसा घोटाळा झाला ते ऐका. माझ्या लायसनावर 'नागपूर, मध्यप्रदेश'. तुमच्या पाकिटावर 'मध्यप्रदेश'. हॉजसनकडे भिंतीवर जुना नकाशा, त्यात आपण सगळे 'मध्य प्रांत'. आणि त्याच्या पुतण्यानं पेपरात वाचलेलं की नागपूर मुंबई राज्यात. म्हातारा चष्मा लावून म्हणाला, बाई, तुम्ही नेमक्या कोणत्या गावच्या? मी म्हटलं, गाव जागेवरच आहे हो, राज्यं हलताहेत. ते त्याला पटलं. लढाईत त्यानं म्हणे असे बरेच देश पाहिले होते.

मग मी तुमचा दाखला त्याला इंग्रजी करून वाचून दाखवला. एक शब्द बदलला नाही. "दाखला देतो की माझी मुलगी प्रेमलता हिने सन १९४९ च्या पोळ्याच्या दिवशी माझी मोटार माझ्या परवानगीवाचून सौंसरहून पांढुर्ण्यापर्यंत, अंतर बावीस मैल, एकटीने नेली. मोहगावच्या पुलावर मडगार्ड घासले. बाकी मोटार शाबूत मिळाली. पावसाळ्यात त्या रस्त्यावर मी स्वतः दोनदा चिखलात रुतलो आहे." परवानगीवाचून या शब्दाला तो थांबला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि किल्ली टेबलावरून माझ्याकडे सरकवली. म्हणाला, मडगार्डचं लिहिणारा माणूस खरं लिहितो.

काल गेले. छोटी हिरवी मोटार, आपल्या फोर्डच्या निम्मी. चालवायचं इथेही डावीकडूनच, तेवढी सोय. साडीचा काचा मारून घेतला. लीड्सच्या बाहेर पडेपर्यंत घाम फुटला होता, आणि बाहेर तर थंडी. कवडूनं शिकवलं तसा प्रत्येक वळणावर मी भोंगा वाजवत गेले, तर सायकलवरच्या पोलिसानं थांबवलं. विचारतो, काय अडचण आहे का? इथे भोंगा म्हणजे भांडण, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डोंगरात धुकं होतं, मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या. एका चढावर गाडी मागे सरकू लागली तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, चांद्या, हं! आणि चढली. खोटं नाही सांगत.

दोनला दहा मिनिटं होती. ते खिडकीशी होते. मोटार आली ती दुसऱ्या कुणाची असेल असं वाटून त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही, नजर रस्त्यावरच. मी दार उघडून उतरले तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. वजन चार पौंड वाढलं आहे. डॉक्टर म्हणाले, कापाकापी करावी लागणार नाही बहुतेक. मी तिथे रडले, त्यांच्या पांघरुणात तोंड घालून, आणि नर्स दुसरीकडे बघत राहिली.

सुएझच्या भानगडीनं पुढच्या महिन्यात पेट्रोल रेशनवर जाणार आहे. तोवर जेवढे रविवार मिळतील तेवढे माझे. ते तुम्ही मला दिलेत, बाबा.

आता तुमच्या पत्राचा उरलेला भाग. तुम्ही रामाकोन्याला जाऊन आलात. स्वतः, न बोलावता. कवडूच्या अंगणात बाजेवर बसलात आणि म्हणालात, चाल, मोटारीवर ये परत. आणि तो म्हणाला, "नोकरी नको, मालक. आता डोळ्याले दिसत नाई तेवढं. मायी जोडी तोरणात उभी राहू द्या, बस." आणि पुढे तुम्ही लिहिता, "त्याला मी बघतो म्हणालो. गावापुढे उभे राहून मी चुकलो असे म्हणणे या वयात कठीण आहे."

कठीण आहे हे मला समजतं. मला सात वर्षं लागली, आणि मी तर कागदावर म्हटलं. पण 'बघतो' हे तुम्ही तहसिलीतल्या माणसांना म्हणता, बाबा. कवडूला म्हणू नका.

तुमची
प्रेमा


लीड्स, १० ऑगस्ट १९५७

बाबा,

मुकुंदला वसंत ऋतूतच इस्पितळातून सोडलं, ते आईला कळवलंच आहे. आता ते घरी आहेत, चहा बिघडवतात आणि मला नावं ठेवतात. पुढच्या वर्षी आम्ही परत येऊ.

नऊ महिन्यांत तुमची सहा पत्रं आली. संत्र्यांचं आलं, पावसाचं आलं, नव्या राज्याच्या हिंदी कागदांवरचा राग आला. रामाकोन्याचं एकदाही आलं नाही. मी विचारलं नाही, म्हटलं तुम्ही आपणहून लिहाल. आता पंधरा दिवसांवर पोळा आहे.

म्हणून यासोबत दुसरा कागद ठेवला आहे. तो तुमच्यासाठी नाही, रामाकोन्याच्या लोकांसाठी आहे. तुम्हाला स्वतःचं काही बोलायला अवघड जाईल म्हणून मी लिहिलं. तुम्ही फक्त तोरणाखाली उभं राहून वाचायचं. तुमचा आवाज मोठा आहे, सगळ्यांना ऐकू जाईल. जमलं नाही तर कागद आईला द्या, ती वाचील. ती मागे हटणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

प्रेमा


(सोबतचा कागद)

रामाकोन्याच्या सगळ्या मोठ्या माणसांना आणि बायांना माझा नमस्कार.

मी केशवरावांची मुलगी प्रेमलता. पोळ्याची गाणी, झडत्या म्हणायच्या आधी माझं दोन मिनिटं ऐका. आठ वर्षांमागे पोळ्याच्या दिवशी माझ्या बापाची मोटार चालवली ती मी. कवडूनं तिला हात लावला नाही. आदल्या संध्याकाळी त्यानं तिला हळद लावली होती, आणि पोळ्याला जू ठेवायचं नसतं हे मला त्यानंच शिकवलं होतं. तरी मी ठेवलं. तो त्या दिवशी तुमच्यात आला नाही, कारण तो मला शोधत होता. मग त्यानं माझा दोष आपल्या अंगावर घेतला, आणि मी घेऊ दिला. तुम्ही आठ वर्षं ज्याला नावं ठेवलीत, तो तुमच्यातला सगळ्यात पोळा पाळणारा माणूस आहे.

कवडू, मी तुला सांगायला आठ वर्षं उशीर केला. मला माफ कर. इथे परमुलखात मी मोटार चालवते ती तुझ्या जिवावर, आणि माझा माणूस मला भेटला तो तुझ्यामुळे.

आता वाचणाऱ्यानं वाचायचं थांबू नये, पुढची ओळही मोठ्यानंच वाचावी. बाबा, कागद खिशात ठेवा, कवडूच्या जोडीचा कासरा तुम्ही धरा आणि तोरणाखाली सगळ्यांच्या पुढे न्या.